देवी काढल्याचा दाखला

माझ्या धाकट्या भावाला मी एका सकाळीत चौदा महिन्यांनी मोठा केला. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ती खोड अजून गेलेली नाही, पण त्या वयात तिला लगाम घालणारं घरात कोणी नव्हतं.

घरात कोणी नव्हतं हे अगदी खरंच. आम्ही खारदांड्याचे कोळी. बाबांनी माझ्या लहानपणीच होडी विकली आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या एका फॅक्टरीत नोकरी धरली. समुद्रावर जाणाऱ्याला घड्याळ नसतं, फॅक्टरीवाल्याला असतं. ते सकाळी पावणेसहाला डबा घेऊन निघायचे. आय त्याच्याही आधी टोपली घेऊन बंदरावर, तिथून अंधेरीच्या मार्केटात. धाकट्याला सांभाळायला शेजारची काकी होती. त्या वर्षी दिवाळीत ती कायमची लेकीकडे वेसाव्याला गेली आणि माझी शाळा सुटली. दिवाळीपासून मेपर्यंत मी घरी बसले. बसले कसली! पोराचं नाक पुसलं, भात शिजवला, वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलले. माझ्या वर्गातल्या पोरी दारावरून वह्या छातीशी धरून जायच्या आणि मला इतका राग यायचा की मी धाकट्याला विनाकारण चिमटे काढायचे. खोटं कशाला सांगू.

मेअखेर शाळेच्या बाईंनी निरोप धाडला की पोरगी जूनमध्ये आली नाही तर पटावरून नाव काढणार. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी डोकं चालवलं. पोराला घरी ठेवता येत नसेल तर पोरालाच शाळेत घालावं. पण पहिलीत घ्यायला सहा वर्षं पूर्ण लागायची, आणि याला येत्या नारळी पौर्णिमेला पाच होणार होती. तेही आयच्या हिशेबानं. तो मढला, आयच्या माहेरी जन्मला. मामाची नवी होडी ज्या वर्षी पहिल्यांदा पाण्यात गेली त्याच वर्षी, पौर्णिमा उलटून तिसऱ्या दिवशी. मढ तेव्हा मुंबईत धरत नव्हते, जन्माची नोंद करायला कोण कुठे जाणार? मामाच्या होडीला सरकारी नंबर मिळाला, तिचा कागद झाला. धाकट्याचा काही झाला नाही.

आमच्या शाळेत मुलाचं वय बघायची पद्धत एकच होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. धाकटा अंगानं काडी, पण हात लांब होते. मी त्याला आठ दिवस सराव दिला. नुसता हात पुरत नव्हता, मग त्याला मान किंचित कलती करायला शिकवली, पण अशी की समोरच्याला कळू नये. कान हाताला लागला की एक चिंच द्यायची. आठव्या दिवशी पोरगा झोपेतसुद्धा कान धरत होता.

हेडमास्तरांसमोर त्यानं झकास कान धरला. ते चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘किती वर्षांचा गं हा?’’

‘‘सहा पूर्ण,’’ मी म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

त्यांनी एक जून तारीख टाकली, साल मागे मोजून टाकलं. आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनचीच होती, त्यामुळे मास्तरांनाही त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पाळीवरून परस्पर शाळेत आले आणि एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली. वर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही. आणि मी पुन्हा शाळेत जायला लागले. धाकटा पहिला महिनाभर वर्गात भोकाड पसरायचा, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी कानात बोटं घालून गणितं सोडवायचे.

त्या एका वाक्यावर माझं सगळं उभं राहिलं. मी अकरावी पास झाले, टायपिंग शिकले, आणि उपनगरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मला क्लार्कची नोकरी लागली. आमच्या गल्लीतून टोपली न घेता अंधेरीकडे जाणारी मी पहिली पोरगी. आय बाजारात बायकांना सांगायची, ‘‘माझी बाय खुर्चीवर बसते.’’

जूनमध्ये माझं काम प्रवेशाचे कागद तपासायचं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, डॉक्टरनं तपासून मुलगा धडधाकट असल्याचं लिहिलेला फॉर्म, आणि गेल्या तीन वर्षांत देवी काढल्याचा, म्हणजे लस टोचल्याचा, दाखला. देवीची भीती तेव्हा होतीच. शहरात कुठेतरी रोगी सापडायचा, की आमच्याकडे नोटीस लागायची. हेडक्लार्क लाल पेन्सिल घेऊन शेजारी बसायचे. मुलाची टक्केवारी त्यांना दिसायची नाही. त्यांना दिसायच्या तारखा. एका कागदावरची तारीख दुसऱ्या कागदावरच्या तारखेशी जुळली नाही की लाल गोल, आणि फॉर्म बाजूला. आरे कॉलनीतला एक मुलगा आठवतो. बाप तबेल्यात कामाला, मुलाला गुण छान. पण दाखल्यावर एक साल, डॉक्टरच्या फॉर्मवर दुसरं. दुरुस्त करून आण म्हणाले. तो आणेपर्यंत जागा भरल्या. त्या मुलानं काउंटरवर माझ्याशी किती हुज्जत घातली! मी म्हटलं, ‘‘मी काय करू? कागद जुळत नाहीत.’’ मला तेव्हा ते फार बरोबर वाटलं होतं.

त्या सुमाराला आणखी एक फॉर्म माझ्या हातून भरला गेला. बाबांच्या फॅक्टरीत कामगारांचा विमा होता, आजारी पडलं तर विम्याचा डॉक्टर, औषध, इस्पितळात खाट. आधी फक्त कामगारापुरता, मग बायकोमुलांनाही मिळायला लागला. मुलाला अठरा वर्षांपर्यंत, त्यानंतर नाव कार्डावरून बाद. बाबा फॉर्म घेऊन घरी आले. धाकट्याच्या जन्मतारखेच्या जागी मी शाळेतली एक जून घातली. दुसरी कुठली घालणार होते? जुळायला नको का?

धाकटा अकरावी झाला आणि आमच्याच कॉलेजात सायन्सला यायचं ठरलं. मी घरी कागदांची यादी वाचून दाखवत होते. देवीचा दाखला म्हटल्यावर आय उठली आणि माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून आणला. त्यात रेशनकार्ड होतं, विकलेल्या होडीचा जुना कागद होता आणि सगळ्यात खाली, घडी घालून तांबूस पडलेली एक चिठ्ठी. आय ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘‘हा बघ. पोऱ्याला देवी टोचली तवाचा. टोचणारा बाबा गल्लीत आलेला, सगल्या बायका पोरांना घेऊन लपल्या, मी नाय लपले.’’ तिच्या तोंडावर असं काही होतं, जणू बक्षीसच द्यायला निघाली होती.

मी चिठ्ठी वाचली. मुलाचं नाव, बापाचं नाव, दांडा, टोचल्याची तारीख, आणि वय: आठ महिने.

मनातल्या मनात हिशेब केला. शाळेच्या तारखेनं तो त्या दिवशी बावीस महिन्यांचा हवा होता. आठ महिन्यांचं तान्हं आणि बावीस महिन्यांचं पळतं पोर यात गफलत कोणाची होत नाही. लाल पेन्सिल डोळ्यांपुढे आली. उद्या कोणी हा कागद बघितला तर? भावाचा प्रवेश बहिणीनं तपासला आणि वयच खोटं, असं झालं तर त्याची जागा जाईल आणि माझी खुर्चीही.

खरं तर तो कागद कोणी मागितलाच नव्हता. कॉलेजला ताजा दाखला हवा होता. डब्यात परत ठेवला असता तर कोण बघायला येणार होतं आमच्या माळ्यावर? पण मला चैन पडेना. न जुळणारा कागद म्हणजे धोका, हे माझ्या हाडात भिनलं होतं. मी म्हटलं, ‘‘आये, हा जुना झाला. चालत नाही.’’

‘‘नाय चालला तर नाय. ठेव गो. लागल कवातरी.’’

‘‘काही लागत नाही. उगाच घोटाळा होईल.’’

‘‘अगो सरकारी कागद हाय, शिक्का हाय त्याच्यावर.’’

‘‘तुला काय कळतंय त्यातलं?’’ मी म्हटलं, आणि तिच्या समोर चिठ्ठी चुलीत टाकली. तव्यावर मांदेली होती. आय बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘खरंच गो बाय, मना काय कलतं,’’ आणि तिनं मांदेली उलटली.

दुसऱ्याच दिवशी मी धाकट्याला दवाखान्यात नेऊन नव्यानं देवी काढून आणली. दंड चांगलाच सुजला. चार दिवस तो गल्लीतून हात वर धरून फिरत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, ‘‘आमच्या तायला मी रेडा वाटलो, दोनदा डागला.’’ दाखला ताजा, तारखा जुळलेल्या, हेडक्लार्कांनी फॉर्मवर नजर फिरवली आणि पुढे सरकवला. मला केवढं समाधान वाटलं होतं.

त्याचं पहिलं वर्ष मजेत गेलं. प्राणिशास्त्राच्या तासाला मास्तर बरणीतला मासा काढून इंग्रजी नाव सांगायचे आणि हा मागून आमचं नाव सांगायचा, वर तो कुठल्या महिन्यात कुठे लागतो आणि कसा शिजवायचा तेही. मास्तर चिडायचे नाहीत. पुढेपुढे तेच विचारायला लागले. सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी यायचा, माझ्या डब्यातली सुकटीची चटणी संपवायचा आणि म्हणायचा, ‘‘काय क्लार्कबाई, आज कोणाकोणाची वाट लावली?’’ त्याला पुढे मासळीवरच काहीतरी शिकायचं होतं. बाबांना ते कळायचं नाही. कोळ्याच्या पोरानं मासा कॉलेजात शिकायचा?

पुढच्या वर्षी एक जून आली. विम्याच्या कार्डावरून धाकट्याचं नाव गेलं. बाबांनी घरी येऊन ते मोठ्या कौतुकानं सांगितलं. ‘‘पोऱ्या आता कार्डात मावत नाय. बापाएवढा झाला.’’ सगळे हसलो. मी पण.

ऑगस्टमध्ये कॉलेजात छातीचा फोटो काढणारी गाडी आली. सगळ्या विद्यार्थ्यांनी सदरा काढून एकामागोमाग एक आत जायचं, श्वास रोखायचा, बाहेर यायचं. याद्या मीच टाइप केल्या. दोन आठवड्यांनी निकालाचा लिफाफा आला तोही मीच फोडला. चार नावांपुढे खूण होती. त्यात चौथं आमचं आडनाव होतं.

त्याला खोकला होता, नव्हता असं नाही. पण आमच्याकडे चुलीचा धूर, खाली ओल, बाहेर सुकत घातलेली मासळी. खोकला कोणाला नव्हता? मी त्याला हाक मारून ऑफिसबाहेर नेलं आणि सांगितलं. तो म्हणाला, ‘‘फोटो बरा नसेल आला. मी हललो होतो.’’ तो हलला नव्हता.

दवाखान्यात पुन्हा मोठा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय. दोन्ही बाजूंनी. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. इंजेक्शनं रोज, गोळ्या दीडेक वर्ष, पण या घरात ठेवून भागणार नाही. खाट मिळवा, डाव्या बाजूला कदाचित ऑपरेशनही लागेल. सरकारी इस्पितळाच्या साध्या यादीत नाव घातलं तर महिने जातील. मग त्यांनी विचारलं, ‘‘वडील कुठे असतात कामाला? विमा आहे ना? मग तिथून खाट आठवड्यात मिळेल.’’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

कॉलेजातून त्याला पत्र गेलं, की रोगमुक्त असल्याचा दाखला आणल्याखेरीज वर्गात बसता येणार नाही. ते पत्रही मीच टाइप केलं. खाली प्राचार्यांची सही घेऊन पाकिटावर आमच्याच घराचा पत्ता घातला. विद्यार्थ्यांच्या आजारपणासाठी कॉलेजचा एक फंड होता, पण तो खेळताना हात मोडला, चक्कर आली, अशापुरता. क्षयाचं नाव काढताच हेडक्लार्कांनी खुर्ची मागे सरकवली.

मी विम्याच्या ऑफिसात गेले. खिडकीत एक प्रौढ गृहस्थ होते, भला माणूस. मी म्हटलं, ‘‘साहेब, शाळेत तारीख चुकलीय. भावाला आत्ता कुठे सतरा पूर्ण झालीत. अजून वर्षभर त्याचं नाव कार्डावर राहायला हवं.’’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘असं पुष्कळांचं होतं. जन्माचा उतारा आणा, आत्ता दुरुस्त करतो.’’

‘‘उतारा नाही. मढला जन्मला.’’

‘‘मग लहानपणचा कुठलाही सरकारी कागद? ज्यावर वय आणि तारीख आहे असा.’’ ते जरा थांबले, आणि मला सुचवावं म्हणून मायेनं म्हणाले, ‘‘तान्हेपणी देवी काढल्याचा दाखला असेल ना घरात? तो चालतो. आया जपून ठेवतात बघा.’’

मी खिडकीची कड धरली. ‘‘नाही,’’ म्हटलं. ‘‘हरवला.’’

त्यानंतर मी काय काय केलं! शाळेत गेले, हेडमास्तर निवृत्त झालेले, नवे म्हणाले, एकदा शाळा सोडली की तारखेला हात लावता येत नाही. देवी टोचणाऱ्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसानं तळघरातून दोन गठ्ठे वर आणून दाखवले. ठरलेल्या वर्षांच्या पलीकडच्या वह्या ठेवत नाहीत म्हणाला, नियमच तसा. त्या काळात दांड्यात टोचायला कोण यायचं ते शोधलं; तो माणूस गावी जाऊन वारला होता. काउंटरच्या अलीकडे उभं राहून मी किती जणांशी हुज्जत घातली, आणि प्रत्येकानं मला तेच ऐकवलं जे मी त्या आरे कॉलनीच्या मुलाला ऐकवलं होतं. कागद जुळत नाहीत, बाई.

शेवटी विम्याच्या त्या गृहस्थांनीच वाट काढून दिली. हाडांचा फोटो काढून डॉक्टर वय सांगतात, तो रिपोर्ट आणा. त्याची तारीख मिळायलाच नोव्हेंबर उजाडला. तोवर धाकट्याचं वजन उतरलं होतं, इंजेक्शनांनी कानात सतत घूं घूं ऐकू यायचं. फोटोच्या खोलीत डॉक्टरांनी त्याला उजवा हात वर करायला सांगितला, कोपराचा फोटो घ्यायचा होता. त्यानं हात वर केला, तो तसाच डोक्यावरून पलीकडे नेला, मान किंचित कलती केली आणि डावा कान धरला.

‘‘हे बघा डॉक्टर, सहा पूर्ण,’’ म्हणाला.

डॉक्टरांना काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघून हसत होता आणि मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रिपोर्ट आला. वय सतरा ते एकोणीस वर्षांच्या दरम्यान. विम्याच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. ‘‘सतरा पण यात बसतं आणि एकोणीस पण,’’ म्हणाले. ‘‘वर पाठवतो. पण आशा ठेवू नका.’’ वरून काही आलं नाही. साध्या यादीत त्याचा नंबर हळूहळू पुढे सरकत होता. मी दर शनिवारी जाऊन बघून यायचे.

त्याला मी सगळं सांगितलं ते डिसेंबरमध्ये, एका दुपारी. दारासमोर उन्हात खाट टाकून तो पडला होता, त्याचं ताट-भांडं वेगळं केलेलं, गल्लीतली पोरं लांबून जात होती. आपणहूनच म्हणाला, ‘‘ताय, त्या डब्यात माझा दाखला होता ना गं? आय सांगायची, मी नाय लपले, मी नाय लपले.’’

मी म्हटलं, ‘‘होता. मी जाळला.’’

‘‘का?’’

‘‘तारीख जुळत नव्हती.’’

त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाला, ‘‘आणि पहिल्यांदा, शाळेत? ते का?’’

‘‘तू घरी असलास की मला शाळेत जाता येत नव्हतं.’’

मला वाटलं चिडवेल, निदान शिवी देईल. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी प्राणिशास्त्राचं पुस्तक मागितलं, ते मी उशाशी नेऊन ठेवलं, आणि मग पूर्वीसारखाच बोलायला लागला. माफ केलं का, मी कधी विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती.

फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला, त्याला रक्ताची उलटी झाली. आय बाजारात, बाबा फॅक्टरीत. मी त्या दिवशी रजा घेतली होती, कारण यादीत त्याचा नंबर अकरावर आला होता आणि मला जाऊन विनवायचं होतं की आता तरी घ्या. पातेलं धरलं, ते भरलं. दुसरं आणायला मी आत वळले. परत आले तेव्हा तो खाटेवरून अर्धा खाली लोंबत होता आणि डोळे उघडे होते. मी त्याला ओढून वर घेतलं. इतका हलका झाला होता की मला एकटीला उचलता आला. गल्लीतल्या बायका लांब उभ्या राहून ओरडत होत्या, जवळ कोणी येत नव्हतं.

पुरुषमंडळींनी संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत वयाची जागा मोकळी राहिली होती, स्मशानातल्या माणसानं विचारलं तर कोणालाच नेमकं सांगता आलं नाही. बाबा बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. घरच्या कोणीतरी म्युनिसिपालटीच्या कचेरीत येऊन मरणाची नोंद पुरी करा, असा निरोप आला. मी गेले.

जाताना पिशवीत सगळं घेतलं होतं. शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजचं ओळखपत्र, हाडांचा रिपोर्ट. क्लार्कनं मोठी वही उघडली, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, राहणार कुठले विचारलं.

‘‘वय?’’

मी पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हटलं, ‘‘सतरा.’’ आणि घाईघाईनं पिशवीत हात घातला. ‘‘कागदावर अठरा आहे, पण तो सतराच आहे, म्हणजे होता. शाळेत चुकीचं लागलंय. रिपोर्ट दाखवू का?’’

‘‘कशाला, बाई?’’ क्लार्क वहीतून वर न बघता म्हणाला. ‘‘घरची माणसं सांगतील तेच आम्ही लिहितो.’’ त्यानं सतरा लिहिलं, उतारा काढला, सही केली आणि त्यावर शिक्का मारला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी बाहेर पायरीवर बसले आणि कागद वाचला. नाव, बापाचं नाव, दांडा, तारीख, वय सतरा वर्षं. शिक्का होता. विम्याच्या खिडकीतला तो माणूस सहा महिने माझ्याकडे असाच एक कागद मागत होता. येणारे-जाणारे बघत होते तरी मी तिथे मोठ्यानं रडले.

घरी आल्यावर आयनं कागद मागितला. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, ‘‘काय लिवलंय? किती वर्साचा?’’

‘‘सतरा,’’ मी म्हटलं.

‘‘बराबर लिवलंय,’’ ती म्हणाली. तिनं माळ्यावरून डबा काढला, रेशनकार्ड उचललं, होडीचा जुना कागद उचलला, आणि पूर्वी दाखला असायचा त्या जागी, तळाला, तो उतारा घडी घालून ठेवला. झाकण नीट बसत नव्हतं. मी लावून द्यायला हात पुढे केला.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ आय म्हणाली. ‘‘तू नको हात लावू.’’